सांगलीहून लंडनला: पीआरवाल्यांच्या संघटनेला भेट द्यायची तर

"पोरीकडं लंडनला चाललोय महिनाभर. तिथं आपल्या लाइनची मोठी संस्था आहे म्हणे. जाऊन येऊ का?"

असा फोन मला वर्षातून दोन-तीनदा तरी येतो. कोणी साखर कारखान्याचा पीआरओ, म्हणजे जनसंपर्क अधिकारी असतो, कोणी पतसंस्थेचा, कोणी मिरजेतल्या दवाखान्याचा. माझं उत्तर ठरलेलं आहे. जाऊन या, पण नरसोबाच्या वाडीला जाऊन आल्यासारखं नको. दर्शन घेतलं, पाटीखाली फोटो काढला, बासुंदी खाल्ली, घरी आलो, असं तिथं काही नसतं. हळदीचा व्यापारी निजामाबादच्या मार्केटात जातो तेव्हा तो इमारत बघत नाही. भाव विचारतो, पॉलिश कसं करतात ते बघतो आणि स्वतःच्या राजापुरी हळदीचा नमुना खिशातून काढून समोर ठेवतो. तसं जायचं. एक नीट प्रश्न घेऊन आणि एक आपला नमुना घेऊन.

आधी संस्था कुठली ते ठरवा

"लंडनची संस्था" असं म्हणून भागत नाही, कारण तिथं एकाहून जास्त आहेत आणि त्यांची कामं वेगळी आहेत. चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक रिलेशन्स, म्हणजे सीआयपीआर, ही माणसांची संस्था. १९४८ साली सुरू झाली, २००५ मध्ये तिला राजसनद मिळाली. तुमच्या-माझ्यासारखा नोकरदार पीआरओ तिथं वैयक्तिक सभासद होतो. पीआरसीए, म्हणजे पब्लिक रिलेशन्स अँड कम्युनिकेशन्स असोसिएशन, ही मुळात एजन्सीवाल्यांची, १९६९ ची. आता तिचे दरवाजे बरेच रुंद झालेत, पण धंदा चालवणाऱ्याच्या अडचणी तिथं जास्त कळतात. सांगलीत स्वतःची छोटी एजन्सी असेल तर पीआरसीए, कारखान्यात नोकरी असेल तर सीआयपीआर, असा माझा ढोबळ हिशेब.

लेक लंडनला नसून न्यू जर्सीत असेल तर पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ अमेरिका आहे, १९४७ ची. दुबईला मध्यपूर्वेची मेप्रा आहे आणि सिंगापूरलाही त्यांची स्वतःची संस्था आहे. इप्रा ही १९५५ सालापासूनची आंतरराष्ट्रीय संघटना, ती वेगवेगळ्या देशांतल्या व्यक्तींना सभासद करून घेते. २००० साली स्थापन झालेली ग्लोबल अलायन्स ही मात्र संघटनांचीच संघटना. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर सोसायट्यांचा फेडरेशन. फेडरेशनच्या दारात एकट्या सभासदानं जाऊन काय मिळणार? काही नाही.

आणखी एक. सीआयपीआरचे ब्रिटनभर प्रादेशिक गट आहेत. तुमचा भाचा मँचेस्टरला असेल तर लंडनची वारी कशाला? तिथल्या वायव्य गटाचा एखादा संध्याकाळचा कार्यक्रम बघा. खरं सांगायचं तर ऑफिसपेक्षा कार्यक्रमच बरा. कोविडनंतर अशा संस्थांचे कर्मचारी रोज ऑफिसात बसत नाहीत. तुम्ही पत्ता शोधत जाल आणि रिसेप्शनवरची मुलगी गोड हसून "मेल करा" म्हणेल. कार्यक्रमात मात्र तीस-चाळीस धंदेवाले एका खोलीत सापडतात.

आणि घरचं विसरू नका. पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया १९५८ पासून आहे, पुण्या-मुंबईत तिच्या शाखा आहेत. २१ एप्रिलला राष्ट्रीय जनसंपर्क दिन असतो तो तिच्यामुळे. परदेशी जाण्याआधी पुण्याच्या एका कार्यक्रमाला हजेरी लावा. "भारतात तुमची संघटना काय करते?" हा प्रश्न परदेशात हमखास येतो. त्यावर "मी कधी गेलो नाही" म्हणायची वेळ येऊ नये.

मेल

निदान सहा-आठ आठवडे आधी मेल टाका. ऑगस्टात निम्मं ऑफिस सुट्टीवर असतं आणि १५ डिसेंबरनंतर उत्तराची वाट बघू नका.

आपलं इंग्रजी कच्चं असल्यानं मेल बिघडत नाही, आपल्या सवयीनं बिघडतो. "रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम"नं सुरुवात, मग संस्थेचा इतिहास, मग चेअरमनसाहेबांच्या नेतृत्वाचा उल्लेख, मग "काइंडली डू द नीडफुल". एवढं वाचून समोरच्याला कळतच नाही की याला हवंय काय. सहा ओळी पुरतात. मी कोण, कुठून. काम काय करतो. कोणत्या तारखांना तुमच्या शहरात आहे. कोणत्या एका विषयावर बोलायचं आहे. अर्धा तास मिळेल का. बदल्यात मी काय सांगू शकतो.

ही शेवटची ओळ बहुतेक जण गाळतात, आणि मला तीच सगळ्यात वजनदार वाटते. सांगलीच्या माणसाकडं सांगण्यासारखं काय असणार, असं आपल्यालाच वाटत असतं. २०१९ चा महापूर आठवा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, आणि पाणी गेलं ५७ फुटांच्या वर. त्या आठवड्यात मोबाइलवर कोयनेच्या विसर्गाचे उलटसुलट आकडे फिरत होते. क्युसेक सांगून कुणाला काय कळतं? पण "आयर्विनला एवढे फूट" म्हटलं की सूर्यवंशी प्लॉटातल्या आजीला बरोबर कळतं की गाठोडं बांधायचं की नाही. आकडा लोकांच्या मापात सांगणं, ही आपल्या धंद्यातली पहिली अक्कल, आणि सांगलीनं ती कृष्णेकडून शिकली. संकटातल्या संवादावर लंडनमध्ये फी घेऊन कोर्स चालतात. तुमच्याकडं अनुभव आहे. मेलमध्ये एका ओळीत लिहा: महापुरात आम्ही सभासदांपर्यंत खरी माहिती कशी पोचवली. उत्तर येण्याची शक्यता लगेच वाढते.

संस्थेची ओळखही त्यांच्या मापात द्या. "पतसंस्था" तिथं कळत नाही, "क्रेडिट युनियनसारखी" म्हटलं की कळते. सहकारी साखर कारखाना म्हणजे ऊस घालणाऱ्या शेतकऱ्यांच्याच मालकीचा कारखाना, असं सांगा. आणि रॉचडेलचं नाव काढा. १८४४ मध्ये मँचेस्टरजवळच्या त्या गावात पायोनियर मंडळींनी सहकारी दुकान काढलं, ते जगाच्या सहकाराचं आजोळ. त्यांच्याच गावची गोष्ट सांगलीचा माणूस सांगतोय म्हटल्यावर समोरचा जरा सावरून बसतो.

दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एक आठवण पाठवा. एकच. फोन करायचा तर घड्याळ बघा, उन्हाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेचार तास मागं आणि हिवाळ्यात साडेपाच. "लंडनला आलात तर जरूर भेटू" हे उत्तर म्हणजे आमंत्रण नव्हे. आपण "या एकदा घरी" म्हणतो, तसंच ते. तारीख, वेळ आणि भेटणाऱ्याचं नाव लेखी आलं की मगच भेट ठरली समजा.

व्हिसा, थोडक्यात

ब्रिटनसाठी नेहमीचा स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा चालतो. साधारण सहा महिन्यांपर्यंत राहता येतं आणि बैठका, परिषदा, सेमिनार या व्हिसावर करता येतात. नोकरी करता येत नाही. तुम्हाला बोलायला बोलावलं आणि मानधनही देऊ केलं, तर हो म्हणण्याआधी सरकारी संकेतस्थळावरचा नियम वाचा. अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपर्यंत करता येतो, त्याहून लवकर नाही. बोटांचे ठसे द्यायला पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. मुलीकडं जाणार असलात तरी संघटनेचं भेटीचं पत्र अर्जाला जोडा आणि दोन्ही कारणं लिहा. लपवण्यासारखं काही नाही आणि लपवलं तर उगाच संशय.

एका ठिकाणी आपली माणसं अडकतात. शेती आहे हे दाखवायला सातबारा जोडतात, पण मराठीतला. इंग्रजी किंवा वेल्श नसलेल्या प्रत्येक कागदाला नीट प्रमाणित भाषांतर लागतं. आणि अर्जाच्या आदल्या आठवड्यात मेव्हण्याकडून चार लाख आणून खात्यात टाकू नका. अचानक आलेला पैसा अर्ज बघणाऱ्याच्या नजरेत पहिल्यांदा भरतो. ऑफिसकडून रजा मंजुरीचं इंग्रजी पत्र घ्या, त्यावर परत रुजू होण्याची तारीख असू द्या.

अमेरिकेचं वेगळं. मुलाखतीच्या तारखेलाच कधीकधी महिने जातात, म्हणून आधी व्हिसा, मग मेल. युरोपातल्या शेंगेन देशांत जाणार असाल तर किमान ३० हजार युरोचा प्रवास विमा लागतो.

फाइल घरी ठेवा

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा कात्रणांची फाइल घेऊन गेलो होतो. दोन किलो तरी असेल. चार कॉलम, रंगीत, चौकटीत, पुरवणीच्या पहिल्या पानावर, सगळं लॅमिनेट करून. समोरच्या बाईंनी तीन पानं उलटली, छान म्हणाल्या आणि विचारलं, "मग लोकांनी काय केलं?"

मला प्रश्नच कळला नाही. बातमी लागली की. आणखी काय करायचं?

नंतर कळलं. आपण वर्षअखेरीला संचालकांना जो तक्ता दाखवतो, इतके सेंटिमीटर बातमी, गुणिले जाहिरातीचा दर, म्हणजे इतक्या लाखांची प्रसिद्धी फुकट मिळाली, तो जगात केव्हाच मोडीत निघालाय. २०१० मध्ये बार्सिलोनात मोजमापवाल्यांची परिषद झाली, तिथं ठरलेल्या तत्त्वांत साफ म्हटलं आहे की जाहिरातीच्या दरानं काढलेली किंमत ही संवादाची किंमत नव्हे. बातमीनं कुणाच्या वागण्यात, मतात, व्यवहारात काय फरक पडला ते मोजा. ठेवी वाढल्या का? उसाच्या तोडणीबद्दलच्या तक्रारी कमी झाल्या का? रक्तदानाला किती जण आले आणि त्यातले किती ती बातमी वाचून आले?

म्हणून फाइल घरी ठेवा. एक पान न्या. एक काम, त्यात अडचण काय होती, आपण काय केलं, त्यानंतर काय बदललं. ते पान इंग्रजीत आणि मोठ्या अक्षरात.

जाण्याआधी दोन गोष्टी वाचून जा. एक, त्या संस्थेची आचारसंहिता. इप्राची अथेन्सची संहिता १९६५ ची आहे आणि या धंद्यातल्या जुन्या दस्तऐवजांत तिचं नाव आदरानं घेतात. दोन, सभासदाला पुढं काय काय करावं लागतं ते. सीआयपीआरमध्ये सतत शिकत राहण्याची नोंद ठेवायची तर वर्षाला ६० गुण जमवावे लागतात, त्यातले काही नीतिमत्तेवर. अमेरिकेत एपीआर नावाची परीक्षा १९६४ पासून आहे. आपल्याकडं पीआरओ व्हायला ओळख आणि बरं अक्षर पुरायचं, हे आपण आपल्यात बोलायला हरकत नाही.

सोबत काय न्यायचं

व्हिजिटिंग कार्डं पंचवीसेक. कोऱ्या पाठीची असली तर बरं, मागं मराठी मजकूर असेल तरीही चालेल, उलट तो विषय निघतो. ब्रिटनचं प्लग तीन चौकोनी पायांचं असतं, अडॅप्टर इथूनच न्या.

भेटवस्तूचा मोह सगळ्यांना होतो. शाल-श्रीफळ नको. तिथं २०१० चा लाचविरोधी कायदा आहे आणि बऱ्याच संस्थांत मिळालेल्या वस्तूची वहीत नोंद करतात. महागडं काही दिलं की देणाऱ्याबरोबर घेणाराही अडचणीत येऊ शकतो. आणि साताऱ्याकडच्या वाचकांनो, कंदी पेढे राहू द्या. भारतातून ब्रिटनमध्ये दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतील. मी हळदीचं पाकीट न्यायला लागलो. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळं सांगायला गोष्टही असते. फक्त ते पाकीट दोन पिशव्यांत बांधा आणि सुटकेसमध्ये पांढऱ्या शर्टाजवळ ठेवू नका. मी ठेवलं होतं. हळद लागलेल्या नवरदेवासारखा त्या बैठकीला गेलो.

महालक्ष्मीनं मुंबईला जाणार असाल तर विमानाच्या आदल्या दिवशी पोचा. घाटात गाडी उशिरा झाली म्हणून विमान थांबत नाही.

भेटीचा दिवस

दहा मिनिटं आधी पोचा, अर्धा तास आधी नव्हे. रिसेप्शनवर ज्याला भेटायचं त्याचं नाव सांगा, वहीत सही करा, बिल्ला लावा. समोरचा कितीही मोठ्या पदावर असो, पहिल्या नावानं हाक मारतात. आपल्याला ते जड जातं. मीसुद्धा पहिल्या दिवशी "सर" म्हणून गेलो आणि ते गृहस्थ मागं वळून बघायला लागले की कुणाला हाक मारली. पण तिथं "सर सर" केलं की बोलणंच आखडतं.

चहा विचारतील. पहिल्यांदाच हो म्हणा. आपण "नको नको, आत्ताच झाला" म्हणतो, मग यजमान आग्रह करतो, मग आपण अर्धा घेतो. तिथं "नको" म्हणजे नको. तुम्ही तासभर कोरड्या घशानं बसाल आणि त्यांना पत्ताही लागणार नाही.

पंचेचाळीस मिनिटं दिली असतील तर चाळिसाव्या मिनिटाला आवरायला घ्या. फोटो शेवटी आणि विचारून. रेकॉर्डिंग तर विचारल्याशिवाय अजिबात नाही.

विचारायचं काय? संस्थेचे सभासद किती, स्थापना केव्हा, हे संकेतस्थळावर असतं, त्यात वेळ घालवू नका. मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते या प्रश्नातून: तुमच्या सभासदाविरुद्ध तक्रार आली तर तुम्ही काय करता? पीआरसीएनं २०१७ च्या सप्टेंबरात बेल पॉटिंजर या बड्या एजन्सीला पाच वर्षांसाठी बाहेर काढलं. दक्षिण आफ्रिकेत, मूळच्या आपल्या सहारनपूरच्या गुप्ता कुटुंबाच्या कंपनीसाठी तिनं जी मोहीम चालवली, ती वांशिक तेढ वाढवणारी ठरली. तिथल्या एका विरोधी पक्षानं थेट संघटनेकडं तक्रार केली होती. त्यानंतर काही दिवसांतच ती एजन्सी बुडाली. संघटनेनं आपल्याच सभासदाला काढायचं, तेही एवढ्या मोठ्या! कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत कधी असं बघितलंय का? तक्रार कोण ऐकतं, पुरावा कसा घेतात, निकाल जाहीर करतात का, हे खोदून विचारा.

दुसरा चांगला प्रश्न: गावात एकटा काम करणारा पीआरओ तुमच्याकडं आहे का, आणि तुम्ही त्याच्यासाठी काय करता? तिथंही खेडी आहेत, नगरपालिका आहेत, "जाहिरात द्या, मग बघू" म्हणणारी माणसंही असतात. कोणाचं नाव सुचवलं तर मेल पत्ता मागून घ्या. माझी अशी एका छोट्या गावातल्या नगरपालिकेच्या पीआरओशी ओळख झाली, ती लंडनच्या भेटीपेक्षा जास्त उपयोगाची ठरली. त्यांच्याकडंही नदी आहे, आणि तीही चढते.

भाच्याला नोकरी, कार्यक्रमाला प्रायोजकत्व, पुढच्या खेपेला चौघांच्या शिष्टमंडळासाठी पत्र, हे विषय पहिल्या भेटीत काढू नका.

परत आल्यावर

दुसऱ्या दिवशी आभाराचा मेल. चार ओळी, त्यात बोलण्यातली एक नेमकी गोष्ट, म्हणजे त्यांना कळतं की तुम्ही ऐकत होता. काही पाठवतो म्हणाला असाल तर त्याच मेलबरोबर पाठवा. मग दोन पानी टिपण लिहा, संचालकांसाठी एक आणि स्वतःसाठी एक. ही दोन वेगळी असतात हे तुम्हाला सांगायला नको.

आता खरी परीक्षा. तुम्ही पीआरओ आहात, तेव्हा गाडी कराडला पोचायच्या आत प्रेसनोट मनात तयार झालेली असते: "सांगलीच्या सुपुत्राचा लंडनमध्ये गौरव." थांबा. गौरव झाला का? चहा झाला. पैसे भरून तुम्ही सभासद झालात तर ती "निवड" नव्हे, जशी लायब्ररीची वर्गणी भरल्यावर आपली वाचकपदी निवड होत नाही.

याच वाटेवर दुसरा खड्डा आहे. तुमचं नाव बाहेर कळलं की मेल यायला लागतात. अमुक जागतिक परिषदेच्या पुरस्कारासाठी आपली निवड झाली आहे, समारंभ अमुक हॉटेलात, नोंदणी शुल्क इतके डॉलर. एकदा मला असा मेल आला आणि मी दोन दिवस तरंगत होतो. मग संस्थेचं नाव तपासलं. परीक्षक कोण, ते कुठंच नव्हतं. मागच्या विजेत्यांचे फोटो होते, पण त्यांनी काय काम केलं ते नव्हतं. अर्ज मी केलाच नव्हता, तरी जिंकलो होतो. आणि पैसे मात्र "आजच" भरायचे होते. खऱ्या संस्थाही स्पर्धेला प्रवेश शुल्क घेतात, त्यात वावगं काही नाही, पण तिथं तुम्ही काम पाठवता, कोणीतरी ते तपासतं, आणि बहुतेकदा तुम्ही हरता.

तेव्हा प्रेसनोट लिहायचीच तर मी लिहिली ती अशी होती: "संकटकाळातील संवाद या विषयावर माहिती घेण्यासाठी संस्थेच्या जनसंपर्क अधिकाऱ्यांनी लंडन येथील जनसंपर्क व्यावसायिकांच्या संघटनेला नुकतीच भेट दिली. महापुरातील अनुभवांची देवाणघेवाण झाली." आमच्या ओळखीच्या वार्ताहरानं ती वाचली, चष्मा वर केला आणि म्हणाला, "यात बातमी काय आहे?"

सिंगल कॉलम लागली, सातव्या पानावर, रेल्वेच्या वेळापत्रकाच्या खाली.